मुकादमाची खूण

अक्का खाली बसली की उठायला तिला भिंत लागते. आधी एक हात भिंतीला, मग दुसरा गुडघ्यावर, मग एक लांब "हं", आणि मग कुठे ती उभी राहते. एवढ्यात तिची नात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून दारापर्यंत आणि दारातून परत ओट्याखाली जाऊन आलेली असते. म्हणून अक्काने तिचं नाव ठेवलं धोटा. कापड विणताना मागावर इकडून तिकडे, तिकडून इकडे पळतो तो धोटा. फरक इतकाच, की तो धोटा माग बंद केला की थांबतो. हिला बंद करायची सोय नाही.

मी समोरच्या दारात राहते. शिवणकाम करते. म्हणजे बाह्या आखूड करायच्या, चेन बदलायची, फाटलेलं रफू करायचं, आणि "काकू, कपडा आटला हो" म्हणणाऱ्यांचा कपडाच आटलाय असं मानून तो सैल करून द्यायचा. मशीन अगदी दारात, कारण उजेड तिथेच येतो. आमच्या दोन दारांच्या मध्ये जिन्याचा चौक, बस एवढंच अंतर, आणि दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी. अक्काच्या घरात काय चालतं ते मला ठाऊक नसेल तर कोणाला असेल, अशी माझी समजूत होती. समजुतीला काय, पैसे पडत नाहीत.

अक्काचं सगळं आयुष्य मागावर गेलं. नवरी होऊन आली ती कारखान्यातच आली म्हणायची, घर वाटेत लागलं एवढंच. विणाईच्या खात्यात ओळीने माग आणि सगळे एकदम चालू. त्या खडखडाटात कानाला तोंड लावून बोंबललं तरी ढिम्म कळत नाही. "नव्या बाया आठवडाभर घसा फोडून घेतात, मग शहाण्या होतात," ती सांगायची. शहाण्या होतात म्हणजे काय करतात, ते मी कधी विचारलं नाही. माझी आपली शिलाई चालू.

तिला थोडं कमी ऐकू येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. "थोडं" हा तिचा शब्द. आपण बोलायला लागलो की ती एकटक आपल्या तोंडाकडे बघायची, आणि मला वाटायचं, काय मन लावून ऐकते ही बाई! आमच्या ह्यांनी जन्मात एकदा तरी असं बघितलं असतं तर! तिचा स्वतःचा आवाज मात्र असा की ती कुजबुजली तरी तळमजल्यावरचा वॉचमन मान वर करायचा.

मुलगा मोठा ट्रक चालवतो. घरी येतो तो पाहुण्यासारखा, जेवतो, झोपतो, निघतो. सूनबाई फोनवर काम करते. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि प्रत्येक शिवीला गोड आवाजात क्षमा मागायची. संध्याकाळी जिना चढून येते तेव्हा तिच्या तोंडात शब्द उरलेला नसतो. कानालाही आणखी आवाज नको असतो. मला तिची दया येते आणि रागही येतो. दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू?

बाळ झालं तेव्हाची गोष्ट. अंगावरचं पिणारं इवलंसं पोर, नुकतं डोळा लागलेलं, आणि अक्काने आतून विचारलं, "अगं पाणी तापवू का?" पोर असं दचकलं, असं रडलं, की सूनबाईच्या डोळ्यांतही पाणी आलं. ती म्हणाली, "आई, हळू बोला ना हो. बाळ घाबरतं. आणि माझं डोकं..." पुढचं तिने गिळलं. अक्का "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून त्या घरात इतकी शांतता झाली की मीच सगळ्यांना सांगत फिरले, सासू असावी तर अशी, एका शब्दात ऐकणारी.

सूनबाईची रजा संपली आणि पोर पूर्णवेळ अक्काच्या अंगावर पडलं. रांगायला लागेपर्यंत ठीक होतं. चालायला लागलं आणि त्याने म्हातारीला सळो की पळो करून सोडलं. सकाळी सूनबाई गेली की अक्काची पाळी सुरू. कारखान्यात पाळी संपली की भोंगा व्हायचा, इथे भोंगाही नाही. मऊ भात भरवायचा तर एक घास तोंडात, एक केसांत, एक जमिनीवर, आणि जमिनीवरचा परत तोंडात. दाढा येत होत्या तेव्हा हनुवटीवर लाळ येऊन येऊन चट्टे पडले, खुर्चीची कडा कुरतडून ठेवली. शू करायला बसवावं तर बाईसाहेब डबड्यावर ऐटीत बसायच्या, मान डोलवायच्या, काही न करता उठायच्या आणि दारामागे जाऊन काम उरकायच्या. नखं कापायची ती झोपेत. झोपवायचं ते पायांवर आडवं घेऊन, आणि अक्काचे पाय म्हणजे आधीच रजेवर गेलेले. पोर झोपलं की तिला पायांवरून उतरवायचीही भीती, म्हणून ती तशीच भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या तिची मान कलंडायची.

पोर हुशार होतं, हे कोणीही सांगितलं असतं. डब्यांची झाकणं लहानमोठी बघून बरोब्बर लावायचं. माझ्याकडच्या रिकाम्या रिळांचा मनोरा करायचं आणि तो पाडण्याआधी माझ्याकडे बघायचं. मोठ्या बटणाच्या भोकातून दोरा ओवायचं, जीभ बाहेर काढून. एवढ्याशा बोटांना ते जमतं कसं, याचं मला नवल. अक्का म्हणायची, "विणकऱ्याचं रक्त आहे."

फक्त बोलत नव्हतं. रडायला आवाज होता, खणखणीत. हसायलाही होता. शब्द मात्र एकही नाही. हाक मारली तर कधी वळून बघायची, कधी नाही, पण तसं तर आमचे हेही करतात. तोंड मात्र तिचं सारखं हलायचं. मला वाटायचं चघळतेय काहीतरी. अक्काचंही हलायचं, पण म्हाताऱ्या माणसांचं पुटपुटणं कोण मनावर घेतो?

आणखी एक सांगते. दुपारी झोपताना अक्का पोरीच्या मनगटाला कच्चं सूत सैलसर बांधायची आणि दुसरं टोक स्वतःच्या बोटाला. सूनबाई एकदा लवकर घरी आली आणि तिने ते पाहिलं. "आई, गुराला बांधतात का असं?" अक्काने सूत काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत बांधलं. मी मनात म्हटलं, जित्याची खोड, ती अशी थोडीच जाणार. जागी असली की अक्का जमिनीवर बसायची, एक तळवा फरशीवर सपाट टेकवून. गुडघ्याला आधार म्हणून, असं मी समजले. टीव्ही लावायची तो आवाज बंद करून. लोक इतके शांतताप्रिय असतात, हे मला चांगलं वाटायचं.

दोन वर्षं भरत आली तशी जिन्यावरच्या प्रत्येकाला डॉक्टरकी सुचायला लागली. कोणी म्हणे मुली लवकर बोलतात, ही का नाही. कोणी म्हणे टीव्हीमुळे. कोणी म्हणे आईच घरी नसते तर होणारच. हे शेवटचं सूनबाईच्या कानावर जाईल अशा बेताने म्हटलं गेलं. अक्काचं एकच पालुपद, "बोलेल. हिचा बाप पण उशिराच बोलला, आणि अजूनही फार कुठे बोलतो!"

मग लस टोचायला दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सने वजन केलं, उंची मोजली, सगळं छान म्हणाली आणि विचारलं, "किती शब्द बोलते?" सूनबाई पोरीचा फ्रॉक नीट करत राहिली. नर्स म्हणाली, "एकदा कान तपासून घ्या."

त्या संध्याकाळी सूनबाई माझ्या दारात येऊन बसली, चप्पलही न काढता. अक्का समोर आपल्या उंबऱ्यात पोरीचे केस विंचरत होती. सूनबाई इतक्या हळू बोलत होती की मलाच मशीन थांबवून ऐकावं लागलं. "काकू, दिवसभर जगातली अनोळखी माणसं माझ्याशी बोलतात. माझी स्वतःची पोर मला आई म्हणत नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "तपासणीत काही निघालं तर मी नोकरी सोडेन. काही नाही निघालं तर पाळणाघरात घालेन. आईंना आता झेपत नाही."

खोटं नव्हतं ते. अक्काला झेपत नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी सूनबाई गेल्यावर अक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली, "शिंपीणबाई, मला झेपत नाही म्हणते ना ती? पोर काढून घेणार माझ्याकडून." मी चाटच पडले. एवढ्या लांबून, इतकं हळू बोललेलं! थोडं कमी ऐकू येणारी बाई, आणि कान इतके तिखट? मी सारवासारव केली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तपासणीला ती यायला तयारच होईना. गुडघा काय, पित्त काय, घराला कुलूप कोण लावणार काय. मला वाटलं, नातीत काही दोष निघेल म्हणून धसका घेतलाय. पण पोर दुसऱ्या कोणाच्या मांडीवर स्थिर बसत नाही, तेव्हा तिला यावंच लागलं. मुलगा ट्रकवर. सूनबाई मला म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला." मी शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच टाकून निघाले, हे नमूद असावं.

खोली लहान होती, भिंतींना जाड स्पंज लावलेला, खिडकी नाही. मधोमध खुर्ची, खुर्चीत अक्का, अक्काच्या मांडीवर धोटा. डाव्या उजव्या कोपऱ्यात एकेक स्पीकर. मी आणि सूनबाई मागे भिंतीला चिकटून उभ्या. तपासणारी मुलगी, माझ्या भाचीएवढी असेल, ती काचेपलीकडे बसून यंत्र चालवत होती.

डावीकडून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. पोरीने झटकन डावीकडे पाहिलं. उजवीकडून आला, उजवीकडे पाहिलं. मग आणखी बारीक, मला जेमतेम कळेल इतका. पोरीने मान वळवली आणि हसली. सूनबाईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिच्या तोंडून श्वास सुटला तो महिनाभर कोंडलेला असावा. पोरीचे कान शाबूत होते!

शेवटी त्या मुलीने एक मोठा आवाज सोडला. मी दचकले, सूनबाई दचकली, पोर दचकून अक्काला बिलगलं. अक्का समोरच्या काचेकडे बघत छान हसत बसली होती.

आवाज थांबला. ती मुलगी मागच्या दाराने आत आली आणि अक्काच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "आजी, झालं. उठा आता." अक्का बसलेलीच. "आजी!" ती मोठ्याने म्हणाली. अक्का हसतेय समोर बघत. तेव्हा त्या एवढ्याशा पोरीने मागे पाहिलं, आजीची हनुवटी आपल्या दोन्ही तळव्यांत धरली आणि तिचं तोंड मागे वळवलं. इतक्या सवयीने, की हे ती रोज करत असणार. अक्काला वाटत होतं ती नातीला सांभाळते. नातही तिला सांभाळत होती.

सूनबाईचा चेहरा बघवेना म्हणून मी भिंतीकडे पाहिलं.

ती मुलगी शहाणी होती. अक्काच्या समोर खाली बसली आणि तोंड नीट दिसेल असं बोलली. "आजी, घरी हिच्याशी बोलता का?"

"दिवसभर!" अक्काचा तो आवाज त्या बंद खोलीत दणाणला. "सकाळपासून तोंडाला विसावा नाही माझ्या."

मी म्हणणार होते, अक्का, खोटं कशाला बोलतेस? दोन दारांमध्ये चौकाचंच अंतर आहे. मी दीड वर्षात त्या घरातून दिवसा एक शब्द ऐकलेला नाही.

"मला दाखवा ना, कसं बोलता," मुलगी म्हणाली.

अक्काने नातीला आपल्याकडे वळवलं. आणि तिचं तोंड हलायला लागलं. ओठ मोठे मोठे करून, गाल फुगवून, भुवया उडवून, हात हलवून. आवाज अजिबात नाही. मी पाहिलं, अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं. भूक लागली का? घरी जाऊन भात खायचा. पाणी हवं? आणि पोरीने ओठ हलवले. तसेच मोठे, तसेच स्पष्ट, तसेच मुके. पा, णी. मग नको म्हणून मनगट फिरवलं. मग माझ्याकडे बोट करून दोन बोटांनी कात्री चालवली. ती मी. मग सूनबाईकडे वळली आणि दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर टपटप आपटली. दोघींचं असं चाललं होतं जसं दोन मैत्रिणी नळावर भेटल्यात. ऐकणाऱ्याला मात्र कपड्यांची सळसळ सोडून काही नाही.

विणाईच्या खात्यात नव्या बाया शहाण्या होतात म्हणजे काय करतात, ते मला तेव्हा कळलं. घसा वाचवतात. ओठांनी बोलतात, हातांनी बोलतात, दुसऱ्याचे ओठ वाचतात. सगळा जन्म अक्का तशी बोलली होती आणि तिच्या लेखी तेच बोलणं. बोलताना आवाज सुटतोय की नाही, हे तिला ऐकू तरी कुठे येत होतं?

"आई," सूनबाईचा आवाज फुटला, "पण तुम्ही आमच्याशी तर..."

अक्काने तिचे ओठ वाचले. "तूच म्हणालीस, हळू बोला, बाळ घाबरतं. मला हळू कळत नाही गं. एक तर माग पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. मग पोरीपुरता बंद केला."

मी मनात मोजदाद केली, की त्या घरातल्या शांततेचं कौतुक गावभर कोणी केलं होतं.

सूनबाईने थोड्या वेळाने विचारलं, "आणि मला ती काय म्हणाली? हे खांद्यावर?"

अक्का ओशाळली. सुरकुत्यांतून लाल झाली चक्क. "ती... मुकादम आला, अशी खूण आहे आमच्यात. मुकादमाच्या सदऱ्याला खांद्यावर पट्टी असायची. तू संध्याकाळी जिन्यात दिसलीस की मी गमतीने करायची. पोरीने उचललं."

सूनबाई हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडू कधी झालं ते तिलाच कळलं नसेल.

तपासणाऱ्या मुलीने समजावून सांगितलं. पोरीला भाषा आहे, भरपूर आहे, फक्त आवाजाची नाही. आवाजात बोलणारं माणूस दिवसा जवळ हवं, नाव घेऊन, वस्तू दाखवून, गप्पा मारत. आणि आजींना कानाचं यंत्र हवं. मग अक्काला म्हणाली, "बोलताना गळ्यावर तळवा ठेवा. थरथर लागली तर आवाज आहे."

"मागाच्या चौकटीवर ठेवायचो तसा," अक्का म्हणाली. "हाताला कळतं, चालतोय का अडकलाय ते."

परतीच्या बसमध्ये पोर अक्काच्या मांडीवर झोपलं. मी पलीकडे बसले होते. सूनबाई सासूकडे तोंड करून म्हणाली, "मला सांगितलं का नाहीत? घरात गॅस आहे, समोर जिना आहे. ती पडली असती, ओरडली असती, तुम्हाला कळलंही नसतं."

"म्हणून तर सूत बांधायची," अक्का म्हणाली. "ती हलली की बोटाला ओढ लागायची. जागी असले की फरशीवर हात. तिची पावलं मला हातात कळतात." आख्ख्या बसने वळून पाहिलं. तिला त्याचं काय. "आणि सांगितलं असतं, तर पोर ठेवली असतीस माझ्याकडे?"

सूनबाईने खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा वळली, कारण पाठ फिरवून दिलेलं उत्तर अक्काला पोहोचलं नसतं. "नसती ठेवली," ती म्हणाली. अक्काने मान हलवली. खरं बोलल्याबद्दल तिने सुनेला मनातल्या मनात मार्क दिले असावेत.

पोर पाळणाघरात गेलं. अक्का दोन दिवस झोपली. खोटं कशाला सांगू, दार उघडं टाकून, तोंड उघडं टाकून, मेल्यासारखी झोपली. इतकी दमली होती ती. नंतर जाग आल्यावर माझ्या दारात येऊन बसायला लागली. हात मांडीवर, रिकामे. मी तिला उसवायला जुने कपडे दिले. ती उसवायची, पण तिचा एक तळवा सारखा फरशीवर जायचा आणि मग तिला आठवायचं की घरात कोणी पळणारं नाही.

तिकडे पाळणाघरात धोटा ओठांनी पाणी मागायची आणि कोणालाच ते वाचता यायचं नाही. मग ती चावायची. पाळणाघरवाल्या बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगी हिंसक आहे. दोन वर्षांची हिंसक! तहानलेलं माणूस कोणत्याही वयात चावेल. सूनबाई तिला घेऊन आली ती थेट माझ्या दारात. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. "काकू," ती म्हणाली, "सकाळी ती पाळणाघरात जाईल. दुपारी आईंकडे. पण तुम्ही तुमचं दार उघडं ठेवाल? लक्ष ठेवाल? आणि... बोलाल तिच्याशी? आवाजात?"

माझ्या दोन्ही खांद्यांचं आधीच मशीन झालंय. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. त्यात हे. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

तेव्हापासून माझ्या तोंडाला विसावा नाही. हा निळा दोरा. ही कात्री, हात नको लावू. हे कोणाच्या तरी पोटाचं माप, बघ केवढं! दुपारभर माझी बडबड आणि पोर माझ्या ओठांकडे बघत बसलेलं. अक्का तिच्या बाजूला. यंत्र आलं तिचं, पण त्यात भांडं पडलं तरी आभाळ कोसळल्यासारखं होतं, म्हणून ती ते थोडा वेळ घालते आणि कपाळाला आठ्या घालून काढते. बोलताना मात्र न विसरता तळवा गळ्यावर. "भा, त," ती म्हणायची, एक हात गळ्याला, आणि माझ्याकडे बघायची, झाला का आवाज? मी मान हलवायची, हो किंवा नाही. कधी ती इतकी थकायची की हात गळ्यावरून खाली यायचा आणि आवाज बंद व्हायचा, ओठ तसेच चालू. पोर मग तिचा हात उचलून परत तिच्या गळ्यावर ठेवायचं. खेळच झाला तो. पण स्वतः मात्र पोरीने गळ्यातून ब्र काढला नाही. आठवडे गेले. सूनबाईने विचारणं सोडलं. ती यायची, माझ्याकडे बघायची, मी नाही म्हणून मान हलवायची आणि ती आत जायची.

परवा संध्याकाळची वेळ. मी एका कोटाचं अस्तर बसवत होते. अक्का माझ्याच खोलीत दाराकडे पाठ करून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पोर रिळं रचत होतं. जिन्यात पावलं वाजली, ओझ्याची, ओढत चढणारी. अक्काला ती कळणं शक्यच नव्हतं. पोर मात्र उठलं, चौकात आलं, जिन्याकडे तोंड करून उभं राहिलं. सूनबाई खालच्या पायरीवर दिसली. पोरीने दोन बोटं खांद्यावर आपटली. टपटप. मग दुसरा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला, ओठ मोठे केले आणि जुनं दार करकरावं तसा आवाज काढला.

"आ... ई."

सूनबाई जिथल्या तिथे थांबली, एक पाय वर, एक पाय खाली. मी पाय आपटला. जोरात. अक्काच्या तळपायाला ते कळलं आणि ती वळली. माझा चेहरा बघून घाबरलीच. "पडली?"

मी माझा तळवा गळ्यावर ठेवला आणि पोरीकडे बोट केलं.

भिंतीला एक हात, गुडघ्यावर एक हात. ती कशी तरी चौकापर्यंत आली, पोरीसमोर खाली बसली आणि आपला तो दोरा धरून धरून राठ झालेला तळवा पोरीच्या गळ्याला लावला. "परत म्हण."

"आई," पोर म्हणालं.

अक्काने हात काढला नाही. डोळे मिटले. मागाच्या चौकटीवर हात ठेवून ती अशीच उभी राहत असेल, सगळं खातं खडखडत असताना, आपला माग वेगळा ओळखत. "चालतोय," ती म्हणाली. तळमजल्यावरून वॉचमनची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग तिने सुनेकडे पाहिलं. "दिवसभर राबायचं आम्ही आणि पहिला सलाम मुकादमाला," ती म्हणाली. "कारखान्यातही हेच होतं." हसत होती, पण सवयीने तिचा आवाज पुन्हा बंद झाला होता. शेवटचे शब्द मी नुसते वाचले.

सूनबाई वर आली, पिशवी टाकली आणि तिथेच चौकात सासूच्या समोर बसली. सासूचा हात उचलून तिने सासूच्याच गळ्यावर ठेवला. मग ओठ मोठे करून, नीट दिसेल असं म्हणाली, "आई, मोठ्याने बोला."